प्रमाणपत्र आमच्या हातात, लॅपटॉप दुसऱ्याच्या घरात

मागच्या महिन्यात एका अनोळखी माणसाचा मेल आला. ‘तुमचा जुना लॅपटॉप मी सेकंड-हँड घेतलाय. त्यात तुमच्या वडिलांचे हॉस्पिटलचे रिपोर्ट आणि पासपोर्टची स्कॅन कॉपी दिसली, म्हणून कळवतोय.’ सोबत फोटो होता. झाकणावर मी स्वतः लिहून चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी तशीच होती.

हा लॅपटॉप, दोन मोबाइल आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही आम्ही चार महिन्यांपूर्वी रिसायकलिंगला दिला होता. भंगारात जाऊ नये, नीट विल्हेवाट लागावी, म्हणून मुद्दाम शोधून माणूस गाठला. फुकट उचलून नेतो, हार्ड डिस्क कारखान्यात फोडतो, प्रमाणपत्र देतो, असं त्याने सांगितलं. ‘डेटा पुसायला पासवर्ड लागेल’ म्हणाला, म्हणून ती चिठ्ठी. जी डिस्क फोडायचीय तिला पासवर्ड कशाला, हे तेव्हा सुचलं नाही. पासवर्ड लागतो तो चालू मशीन विकायला.

आठवड्याने प्रमाणपत्र आलं होतं, सही-शिक्क्यानिशी. मेल आल्यावर ते पुन्हा काढून वाचलं. ‘लॅपटॉप 1, मोबाइल 2, टीव्ही 1.’ एकाचाही सिरियल नंबर नाही. माल पुढे कुठल्या कारखान्यात गेला, तेही नाही. असा कागद कुणालाही छापून देता येतो.

त्यावरच्या पत्त्यावर गेलो तर कुलूप. मागच्या मोकळ्या जागेत मात्र आमच्या टीव्हीचं खोकं पडलं होतं. मुलीने लहानपणी चिकटवलेली चांदणी अजून त्यावर होती. ट्यूबची मान मोडलेली, तिच्याभोवतीची तांब्याची कॉइल ओरबाडून नेलेली, काच तिथेच टाकलेली. मोठ्या ट्यूबच्या काचेत किलोच्या हिशेबात शिसं असतं. शेजारी वायरी जाळल्याची काळी राख होती. तांबं सुटं करायला वरचं प्लास्टिक जाळतात, आणि पीव्हीसी जळालं की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं हवेत जातात. लॅपटॉपपेक्षा मला याचा त्रास जास्त झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. उरलेल्यात आमचा टीव्ही जाऊ नये, एवढ्यासाठीच तर हा खटाटोप होता.

म्हणून कळकळीने सांगतो, डेटा पुसायचं काम दुसऱ्यावर सोडू नका. नुसतं डिलीट केल्याने बऱ्याचदा फाइलची नोंद तेवढी जाते, मजकूर डिस्कवर राहतो. शक्य असेल तर डिस्क काढून घरीच ठेवा. मोबाइलमधून आधी अकाउंट साइन आउट करा, मग फॅक्टरी रीसेट. सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका. फुगलेली बॅटरी असेल तर टोचू-दाबू नका, ती पेट घेते. वेगळी द्या आणि तसं सांगून द्या. नेणाऱ्याचा परवाना नंबर मागा आणि परवाना देणाऱ्या खात्याच्या यादीत स्वतः शोधा. त्याने मोबाइलवर दाखवलेला फोटो धरू नका. प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर देण्याआधी टिपून ठेवा आणि पावतीवर तोच लिहून घ्या.

त्या भल्या माणसाने आमच्या फाइली पुसून डिस्क नव्याने फॉरमॅट केली. आम्ही सगळे पासवर्ड बदलले, तक्रारही नोंदवली. दोन्ही मोबाइल कुठे आहेत, ते अजून कळलेलं नाही. नेणाऱ्याचा फोन बंद आहे.