सॅडलबॅगचे स्पीकर आणि काढ-घालीचे कपलर: एका पावसाळ्यानंतर

पावसाळा सरला, दिवाळीही झाली, आता खात्रीने लिहिता येईल. ३५० सीसीची गाडी, दोन कडक सॅडलबॅगा, प्रत्येकीच्या झाकणात ४ ओहमचा एक स्पीकर आणि सीटखाली छोटा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर). आवाजाचं थोडक्यात सांगतो. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढताना शब्द न् शब्द ऐकू येतो. हायवेला लागून खंबाटकीकडे निघालं की निम्मं वारा खातो. कासच्या पठारावर मी तो बंदच ठेवतो, तुम्हीही ठेवा.

जास्त लिहायचंय ते बॅगेतल्या स्पीकरची वायर गाडीच्या वायरीला जोडणाऱ्या कपलरबद्दल. आमची गाडी बोळात लागते, त्यामुळे बॅगा रोज रात्री घरात येतात.

बॅगांसोबत साध्या बुलेट क्लिपा (एकात एक सरकवायच्या गोल पिना) आल्या होत्या. उन्हाळाभर चालल्या. जूनमध्ये बामणोलीच्या रस्त्याला पाऊस लागला आणि डावा स्पीकर खरखरायला लागला. स्लीव्ह मागे सरकवली तर पितळी पिनेवर हिरवा थर आणि आतली तांब्याची तार काळी पडलेली. उघड्या क्लिपेत याहून मोठा धोका आहे. अशा बहुतेक अ‍ॅम्पचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं, म्हणजे स्पीकरला जाणाऱ्या दोन वायरींपैकी एकही अर्थिंगची, म्हणजे बॉडीला जोडलेली, नसते. बॅग घरी आणि लोंबती वायर चेसीला टेकलेली, अशा वेळी अ‍ॅम्प चालू झाला तर तो प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, किंवा सरळ जळतो. दोन्ही स्पीकरची निगेटिव्ह बॉडीला देऊन वायर वाचवा, असं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका.

दोन पिनांचा चपटा एसएई कपलरही पाहिला. उलटा बसत नाही, निघतोही पटकन. पण बाइकच्या बॅटरी चार्जरला बऱ्याचदा तोच असतो. घाईत चार्जर अ‍ॅम्पच्या आउटपुटला जोडला गेला तर संपलंच. म्हणून तो नको म्हटलं.

शेवटी डॉइच (Deutsch) ब्रँडचे डीटी प्रकारातले दोन पिनी कपलर घेतले. महाग आहेत, पण पैसा वसूल. आत रबरी सील आहे, अंगठ्याने खटका दाबला की सुटतो, हातमोजे घालूनही जमतं. गाडीच्या बाजूला फिमेल (भोकांचा) अर्धा लावा. अ‍ॅम्पकडून येणारी टोकं आत दडलेली राहतात, बॅग नसताना कशाला टेकायची भीती नाही. पिना साध्या पकडीने चेपू नका, त्यांच्या मापाचं क्रिंपिंग टूल (पिन वायरीवर दाबून बसवायची पकड) असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि प्रत्येक वायर त्याच्यासमोर ओढून बघा.

वायर जाड घ्यायची गरज नाही. ५० वॅटला ४ ओहमवर साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट जातो, १ स्क्वेअर एमएमची वायर पुरते. अ‍ॅम्पची मेन वायर मात्र वेगळी, जाड, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. अ‍ॅम्प चालू-बंद करणारा रिले इग्निशनवर घेतला की बॅटरी उतरत नाही.

प्लस-मायनस दोन्ही बाजूंना सारखं हवं. पेन्सिल सेल क्षणभर स्पीकरच्या वायरींना लावा. पडदा बाहेर आला तर सेलचं प्लस लागलंय ती वायर प्लस. एक बाजू उलटी झाली तर आवाज येतो, पण ढोलकीचा बेस पार पातळ होतो.

कपलरपाशी वायरला खाली झोळ दिलाय, म्हणजे पाणी तिथून निथळतं. बॅग रॅकवर टेकवून दोन्ही हात मोकळे करून जोडता येईल इतकी वायर सैल ठेवा, पण सायलेन्सरपर्यंत पोहोचता कामा नये. बॅगेतून वायर निघते तिथे ग्रोमेट (भोकात बसणारं रबरी कडं) हवाच, नाहीतर कडेवर घासून आवरण फाटतं.

पाऊस संपेपर्यंत पुन्हा खरखर आली नाही. तक्रार एवढीच की सुट्या कपलरला टोपी सोबत येत नाही. ती वेगळी मागवून घ्या, कारण बॅगा काढून गाडी चिखलात नेली की फिमेलमध्ये माती शिरते, आणि मग जोडताना तीच सीलला चरे पाडते.