एक अँटेना, आठ रिसीव्हर: जीपीएस स्प्लिटर वापरून बघितला, अनुभव चांगला

पुण्यातल्या आमच्या टेलिकॉम टेस्ट लॅबमध्ये टाइम सिंकसाठी गच्चीवर एकच अँटेना आहे आणि खाली ग्रँडमास्टर (नेटवर्कला वेळ पुरवणारं मुख्य घड्याळ), जीपीएसडीओ (जीपीएसवर जुळवलेला ऑसिलेटर), टेस्टला आलेली बेस स्टेशनं, सगळ्यांनाच सिग्नल हवा. प्रत्येकाला वेगळी अँटेना, वेगळी केबल करत बसलो तर गच्चीवर जागा उरणार नाही, म्हणून जीपीएस नेटवर्किंग या अमेरिकन कंपनीचा १ बाय ८ स्प्लिटर (एका अँटेनाचा सिग्नल आठ जणांना वाटणारा डबा) घेतला, लोडेड डीसी ब्लॉकवाला. मस्त चाललाय.

यातला 'लोडेड' शब्द महत्त्वाचा आहे बरं का. अँटेनातल्या अ‍ॅम्प्लिफायरला पॉवर केबलमधूनच जाते आणि ती एकाच पोर्टवरचा रिसीव्हर देतो, बाकी सात पोर्टवर डीसी अडवलेला असतो. मग त्या सात जणांना वाटतं अँटेना तुटली, आणि साध्या स्प्लिटरवर 'अँटेना ओपन'चा अलार्म वाजत राहतो. या डब्यात त्या प्रत्येक पोर्टवर २०० ओहमचा लोड आहे, म्हणजे ५ व्होल्टला २५ मिलीअँपिअर करंट जातो आणि रिसीव्हर गप्प बसतो. लावला आणि अलार्म गेले, एवढ्यासाठीच पैसे वसूल!

पण पॉवर देणाऱ्या पोर्टवर डीयूटी (टेस्टला आलेलं उपकरण) कधीच लावू नका. कोणी तो रिबूट केला की अँटेना बंद आणि आठही जणांचा लॉक (उपग्रहांवरची पकड) जाणार, रात्रभर चाललेली टेस्ट वाया. तिथे चोवीस तास चालू राहणारा ग्रँडमास्टरच लावा, आणि तो अँटेनाला लागणारा व्होल्टेज देतो का तेही बघून घ्या, काही रिसीव्हर ३.३ व्होल्टच देतात.

एक विक्रेता अ‍ॅम्प्लिफायरवालाच घ्या म्हणून मागे लागला होता (नाव नको). साधा हिशोब करा ना. अँटेनाचा गेन ४० डीबी, ६० मीटर एलएमआर-४०० केबलमध्ये साधारण १० डीबी जातात, आठ वाटे केले की ९ आणि वर थोडे, तरी २० च्या आसपास उरतात आणि रिसीव्हरला ते पुरतात. उगाच गेन वाढवला तर रिसीव्हर सॅच्युरेट होतो.

केबल डिले (सिग्नलला केबलमधून यायला लागणारा वेळ) मात्र प्रत्येक रिसीव्हरमध्ये भराच. या केबलमध्ये मीटरला जवळपास ४ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे ६० मीटरला २३५. जी.८२७२ या आयटीयूच्या मानकात पीआरटीसी-ए ला (नेटवर्कच्या मूळ वेळस्रोताच्या ए वर्गाला) मर्यादाच १०० नॅनोसेकंदांची आहे, म्हणजे डिले भरला नाही तर वन पीपीएस (दर सेकंदाची पल्स) आधीच नापास, आणि लोक उगाच पीटीपीत (नेटवर्कवरून वेळ पाठवायच्या प्रोटोकॉलमध्ये) चूक शोधत बसतात. स्प्लिटरपासून पुढच्या पॅच केबलची लांबीपण त्यात धरा.

गच्चीवरच्या कनेक्टरला सेल्फ अमलगमेटिंग टेप नीट ताणून गुंडाळा, आपल्या पावसात एन कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की सिग्नल हळूहळू पडतो आणि पटकन कळतही नाही.

नाविकवर (भारताच्या जीपीएससारख्या प्रणालीवर) काम असेल तर स्प्लिटर कुठल्याही कंपनीचा घ्या, फ्रिक्वेन्सी रेंज आधी विचारा. नुसता एल१ बँडचा फिल्टर असेल तर १५७५.४२ मेगाहर्ट्झ मिळेल पण एल५ चे ११७६.४५ अडतील, आणि नाविकचा एस बँड तर २४९२ च्या आसपास आहे, त्याला अँटेनापासूनच वेगळी सोय लागते.