ऐनाच्या नावाखाली ओले लाकूड: शेतावरील स्वागतकक्ष बांधताना झालेली फसवणूक

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आमच्या आंबा-काजूच्या बागेत येणाऱ्या पर्यटकांना बसण्यासाठी, जेवण्यासाठी आणि आंब्याची पेटी कशी भरतात हे पाहण्यासाठी एक स्वागतकक्ष बांधायचा, आणि तो काँक्रीटचा न बांधता चिऱ्याच्या जोत्यावर, लाकडी खांबांवर आणि मंगलोरी कौलांखाली उभा करायचा, यावर घरात कोणाचेही दुमत नव्हते. कोरड्या लाकडाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बनचा असतो आणि लाकूड वापरात आहे तोवर तो हवेत परतत नाही, हे आम्ही वाचले होते. मात्र झाड परवानगीने तोडलेले असेल, त्याच्या जागी दुसरे लावले जात असेल आणि लाकूड दीर्घकाळ टिकणार असेल, तरच हा हिशेब खरा ठरतो. या तिन्ही गोष्टींची लेखी हमी देणाऱ्या ठेकेदाराला आम्ही काम दिले आणि तिन्ही बाबतींत फसलो. तक्रार प्रलंबित असल्यामुळे त्याचे नाव येथे लिहीत नाही. फसवणूक कशी झाली ते मात्र सविस्तर लिहितो, कारण कृषी पर्यटनासाठी अशी बांधकामे आता आमच्या परिसरात अनेक जण करू लागले आहेत.

करार असा होता: खांब आणि तुळया भट्टीत सुकवून १२ टक्के ओलाव्यावर आणलेल्या ऐन-किंजळ या जंगली झाडांच्या, वासे आणि रिपा दाबाखाली कीडरोधक औषध दिलेल्या अकेशियाच्या, आणि सर्व माल एफएससी प्रमाणित, म्हणजे जंगल जबाबदारीने राखून काढलेल्या लाकडाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असलेला. दर वखारीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त होता. एकूण ११ लाख ४० हजारांपैकी साडेआठ लाख रुपये आम्ही काम सुरू होण्यापूर्वीच दिले, ही आमची पहिली आणि सर्वांत महागात पडलेली चूक.

माल एप्रिलमध्ये आला आणि पावसापूर्वी कौले चढली. खांब गडद तपकिरी रंगवलेले होते, त्यांची टोकेही जाड रंगाने बंद केलेली होती. टोके का रंगवली असे विचारल्यावर, ‘साहेब, टोकाकडून लाकूड लवकर सुकते आणि चिरते, म्हणून ती बंद करावी लागतात,’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर शंभर टक्के खरे आहे, आणि म्हणूनच आम्ही गप्प बसलो. पुढे उलगडत गेलेल्या त्याच्या प्रत्येक खोट्याला अशाच एखाद्या खऱ्या गोष्टीचा टेकू होता. त्याने आमच्यासमोर ओलावामापक टोचून १२ चा आकडा दाखवला होता. तो आकडाही खरा असेल, पण असल्या यंत्राच्या सुया जितक्या आत जातात तितक्याच थराचा ओलावा ते सांगते, आणि उन्हात ठेवलेल्या, त्यानेच निवडलेल्या तुकड्याचा वरचा थर कोरडा असणारच.

पावसाळाभर हवाच दमट असल्यामुळे काही जाणवले नाही. डिसेंबरमध्ये कोरडे वारे सुरू झाले, तेव्हा तुळया आणि खांबांच्या सांध्यांत बोट शिरेल एवढ्या फटी पडल्या आणि एका खांबाला माथ्यापासून कमरेपर्यंत चीर गेली. जानेवारीत एका सकाळी जेवणाच्या टेबलावर पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला. पुसला, तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा तेवढाच. वर पाहिले तेव्हा तुळईला टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली.

त्याच आठवड्यात पडवीसाठी मालाची दुसरी खेप आली. गावातल्या वयोवृद्ध सुतारकाकांना आम्ही ती पाहायला बोलावले. त्यांनी एक खांब मधोमध कापायला लावला, कापलेल्या भागावर तळहात ठेवला आणि म्हणाले, ‘झिला, ह्यां लाकूड अजून ओलां आसा.’ ऐनाचा गाभा तपकिरी, काळसर रेषांचा असतो. या खांबात असा गाभा जेमतेम मुठीएवढा होता आणि भोवती सगळे फिकट, कोवळे लाकूड होते. किडीला हवे असते ते पिष्ट याच भागात असते. गडद रंग नेमके हेच झाकण्यासाठी दिला होता. मधला एक तुकडा आम्ही घरी आणून वजन केले: ४१२ ग्रॅम. ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोड्या वर ठेवून, वजन घटायचे थांबेपर्यंत सुकवला, तेव्हा २९८ ग्रॅम भरला. ओलावा कोरड्या वजनावर मोजतात. म्हणजे तो ३८ टक्के होता.

वाशांची गत निराळी नव्हती. दाबाखाली औषध देताना लाकूड लोखंडी टाकीत बंद करून आतली हवा काढतात आणि मग द्रावण दाबाने आत शिरवतात. त्यातील तांब्यामुळे लाकडाला हिरवट छटा येते. गाभा औषध सहज घेत नाही, पण बाहेरचे कोवळे लाकूड ते खोलवर शोषते. आमचा वासा कापला, तर हिरवा रंग नखाच्या जाडीइतकाही आत गेलेला नव्हता. तो ब्रशने लावला होता.

यानंतर आम्ही कागद बाहेर काढले, जे खरे तर पहिल्या दिवशी वाचायला हवे होते. प्रमाणपत्राचा क्रमांक एफएससीच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या यादीत सापडला, पण तो निराळ्याच कंपनीच्या नावावर होता. शिवाय प्रमाणित माल विकणाऱ्याच्या बिलावर त्याचा स्वतःचा क्रमांक आणि मालाचा प्रमाणित प्रकार छापलेला असावा लागतो. आमच्या बिलावर केवळ ‘लाकूड, घनफूट’ एवढेच होते. वनखात्याच्या वाहतूक परवान्याची छायाप्रत त्याने दिली होती. त्यावरील गाडीचा क्रमांक आमच्याकडे आलेल्या ट्रकचा नव्हता, आणि त्याची मुदत माल येण्याच्या अकरा दिवस आधीच संपली होती. महाराष्ट्रात झाडतोडीवर नियंत्रण ठेवणाऱ्या १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत ऐन आणि किंजळ दोन्ही आहेत. खासगी जमिनीवरसुद्धा ते परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मग आमचे खांब कोणत्या डोंगरावरून आले? पैशांपेक्षा हा प्रश्न मला जास्त छळतो, कारण इतके महिने मी स्वतः पाहुण्यांना त्या खांबांजवळ उभे करून ‘हे परवानगीचे लाकूड आहे’ असे अभिमानाने सांगत होतो.

आम्ही दुसरी खेप परत पाठवली, उरलेली रक्कम रोखली आणि वकिलामार्फत नोटीस दिली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाताना एक अडचण समोर आली, ती इतरांनीही आधीच ध्यानात घ्यावी: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी बसत नाही, मात्र स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी केलेली खरेदी बसते. त्यामुळे ही बाग हेच आमच्या कुटुंबाच्या चरितार्थाचे साधन असल्याचे कागदोपत्री दाखवावे लागले. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. भुसा दिसल्यावर ‘पाहू पुढच्या वर्षी’ म्हणणाऱ्याची ती सहज निघून जाते. कापलेले तुकडे, दोन्ही वजनांची छायाचित्रे आणि परवान्याची प्रत आम्ही जपून ठेवली आहे.

सर्वांत वाईट चार खांब आता लोखंडी टेकूंवर आहेत आणि तो भाग पाहुण्यांसाठी बंद आहे. त्यांच्या जागी बसवण्यासाठी आमच्याच बागेतला एक जुना फणस आम्ही रीतसर परवानगी काढून तोडला आणि त्याच्या जागी दोन रोपे लावली. त्याचे कापून काढलेले खांब मधे पट्ट्या घालून खोपीत रचले आहेत. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला सुतारकाका एक नमुना खांब आंब्याच्या काट्यावर चढवतात आणि त्याचे वजन खडूने त्याच्यावरच लिहितात. गेल्या तीन महिन्यांत ते प्रत्येक वेळी घटले आहे, आणि ते घटायचे थांबेपर्यंत एकही खांब उभा करायचा नाही, असे त्यांनी बजावले आहे.