ज्युपिटरमध्ये बटणं पकडायची, पण टायपिंग अडू द्यायचं नाही: कोणता मार्ग घ्यावा?

ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये पायथन कोड लिहून चालवायच्या साधनात, डाळिंबाच्या पानांचे फोटो एकेक करून समोर येतायत आणि की-बोर्डची बटणं दाबून त्यांची वर्गवारी करायची आहे. तेल्या रोग दिसला तर 'डी' दाबायचं, पान निरोगी असेल तर 'एच'. पण ज्युपिटरच्या कमांड मोडमध्ये (जिथे बटणं अक्षरं न उमटवता शॉर्टकट चालवतात) 'डी' दोनदा दाबलं की सेल, म्हणजे कोडचा चौकोन, डिलीट होतो. म्हणजे लागोपाठ दोन रोगट पानं आली की सेलच गेला!

पायनपुट ही पायथन लायब्ररी टायपिंग अडवत नाही, हे खरं. पण कर्नल, म्हणजे कोड प्रत्यक्ष चालवणारा भाग, ज्या मशीनवर चालतो, तिथलाच की-बोर्ड ती ऐकते. गूगलच्या सर्व्हरवर चालणाऱ्या कोलॅब नोटबुकमध्ये उपयोग शून्य. स्वतःच्या लॅपटॉपवर तर दुसऱ्या खिडकीत टाकलेला पासवर्डही तिच्या कानावर जातो. मी ती वापरणार नाही.

दुसरा मार्ग जावास्क्रिप्टचा: अख्ख्या वेबपेजवर, म्हणजे डॉक्युमेंटवर, कीडाउनचा लिसनर (बटण दाबलं की चालणारा कोड) लावणं सगळ्यात सोपं वाटतं. बहुतेकांची टायपिंग अडते ती इथेच. प्रत्येक बटणावर प्रिव्हेंटडिफॉल्ट केलं, म्हणजे ब्राउझरचं नेहमीचं काम थांबवलं, की सेलमध्ये अक्षर उमटतच नाही. म्हणून आधी तपासायचं, की बटण टेक्स्ट लिहायच्या जागेत दाबलंय का. जुन्या नोटबुकसाठी लिहिलेला कोड त्यासाठी टेक्स्टएरिया हा एचटीएमएलचा लिहायचा चौकोन शोधतो. २०२३ साली आलेल्या ज्युपिटरलॅब ४ मध्ये मात्र एडिटर हा कंटेंटएडिटेबल डिव्ह, म्हणजे थेट लिहिता येईल असा पेजचा साधा भाग आहे, त्यामुळे ती तपासणी निकामी ठरते. शिवाय सेल पुन्हा चालवला की दुसरा लिसनर चिकटतो आणि एक दाब दोनदा मोजला जातो.

माझं मत तिसऱ्या मार्गाला: चित्राभोवती स्वतःचा डिव्ह, त्याला टॅबइंडेक्स शून्य (म्हणजे त्याला फोकस मिळू शकतो), आणि लिसनर फक्त त्याच्यावर. चित्रावर क्लिक केलं तरच बटणं तिकडे जातात. सेलमध्ये क्लिक केलं की टायपिंग नेहमीसारखं. त्याच डिव्हला 'डेटा-एलएम-सप्रेस-शॉर्टकट्स' हे अॅट्रिब्यूट द्या, म्हणजे ज्युपिटरलॅबचे शॉर्टकट तिथे गप्प बसतात.

जावास्क्रिप्ट लिहायची नसेल तर आयपायइव्हेंट्स ही तयार पायथन लायब्ररी घ्या. फक्त तिथे फोकस नाही, माउस कुठे आहे ते मोजलं जातं. शेजारी टाइप करताना माउस चित्रावर राहिला, तर ते अक्षर चित्राच्या खात्यातही पडू शकतं.

मराठीत नोंदी करणाऱ्यांनी एक मात्र कराच: बटण ओळखताना कीडाउन इव्हेंटमधलं 'की' (उमटणारं अक्षर) नव्हे, 'कोड' (की-बोर्डवरची बटणाची जागा) वाचा. इनस्क्रिप्ट हा देवनागरी की-बोर्ड चालू असताना 'डी'च्या जागी हलन्त येतो, आणि 'की' तोच सांगते. 'कोड' मात्र 'कीडी'च राहतो.