पान्सोरी बघू की सामुलनोरी?
कोरियात सोलमधे एकच संध्याकाळ हाताशी असेल तर सामुलनोरी, म्हणजे तालवाद्यांचा कोरियन कार्यक्रम, सोपं. चार जण, दोन पितळी वाद्यं, दोन चामड्याची, मूळ शेतकऱ्यांच्या वादनातलं पण स्टेजवर या रूपात आलं १९७८ला. भाषा नको काही नको, दहा मिनिटांत पाय हलायला लागतात, ढोलताशावाल्यांना तर घरचंच वाटेल.

पान्सोरी, म्हणजे गाऊन सांगितलेली गोष्ट, मात्र पेशन्स मागते, एक गायक किंवा गायिका, हातात पंखा, बाजूला एकच ढोलवाला, आवाज मुद्दाम घोगरा कमावलेला, आणि अख्खी छुनह्यांगची गोष्ट (कोरियातली प्रसिद्ध प्रेमकथा) गायची तर आठेक तास! पण मधेच ढोलवाला "ऑल्सिगू" ओरडतो, मग प्रेक्षकपण ओरडतात, म्हणजे दाद हा गाण्याचाच भाग, गप्प बसायचं नाही. मी तरी पान्सोरीच घेईन, तासाभराचा तुकडा बघा फक्त, गोष्ट आधी वाचून जा.