गोव्याच्या हवेत काय लावावे: खोबरेल, भिरंडेल की तवशाचा कीस?

पुण्यात हिवाळाभर गालांना खोबरेल लावणारी माझी भाची गेल्या जूनमध्ये नोकरीनिमित्त गोव्यात पर्वरीला राहायला आली. तिने तोच क्रम चालू ठेवला आणि तीन आठवड्यांत तिच्या कपाळावर बारीक पुळ्या उठल्या. खोबरेल तेच होते. हवा मात्र सह्याद्रीच्या अलीकडची, दमट होती. घरगुती उपायांतून निवड करताना त्वचेला सध्या स्निग्धता हवी आहे, स्वच्छता हवी आहे की केवळ गारवा, हे आधी ठरवावे लागते, आणि गोव्यात त्याचे उत्तर ऋतूगणिक बदलते.

स्निग्धतेपुरते बोलायचे तर स्वयंपाकघरात दोनच पदार्थ विचारात घेण्याजोगे आहेत: खोबरेल आणि कोकमाच्या बियांचे तेल, म्हणजेच भिरंडेल. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठते, म्हणून डिसेंबरातल्या पहाटे बाटलीत पांढरा थर दिसतो आणि मे महिन्यात तेच तेल पाण्यासारखे ओघळते. ते पटकन पसरते, आंघोळीनंतरच्या ओलसर अंगावर लावले तर ओल धरून ठेवते आणि हातापायांच्या कोरड्या कातडीला मानवते. परंतु त्याने रंध्रे तुंबू शकतात. शिवाय पावसाळ्यात पाठीवर आणि छातीवर जे पांढुरके शिबे उठतात, त्यांची बुरशी त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांवरच पोसली जाते. त्यामुळे जून ते सप्टेंबर चेहरा, पाठ आणि छाती यांना खोबरेल लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक गैरसमजही येथेच दूर करावा: खोबरेल लावून उन्हात गेल्याने ऊन अडत नाही.

भिरंडेलाची प्रकृती याच्या उलट आहे. ते 38 ते 40 अंशांच्या आसपास वितळत असल्यामुळे गोव्याच्या उन्हाळ्यातही डब्यात घट्ट राहते. भिरंडे म्हणजे कोकमाची फळे फोडून त्यांची सोले, म्हणजे साले, वाळत घातली की उरलेल्या बिया धुऊन उन्हात कडक वाळवतात, त्यांची टरफले काढून आतला गर वाटतात आणि तो पाण्यात बराच वेळ उकळतात. वर आलेला तवंग काढून निवत आला की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, आणि मुठेल हे त्याचे दुसरे नाव या मुठीवरूनच आले असावे, असे त्या गोळ्यांवरचे बोटांचे ठसे पाहिल्यावर वाटते. टाचांच्या भेगांसाठी हा गोळा पणतीवर किंचित ऊब देऊन तापवावा, सोसवेल इतका निवू द्यावा, भेगांत भरावा आणि वर सुती मोजे घालून झोपावे. खोबरेल रात्रीत चादरीला पुसले जाते. भिरंडेल भेगेत टिकून राहते. टाचा आणि ओठ यांच्यासाठी मी निःसंकोच भिरंडेलच निवडीन. सबंध अंगाला लावायला मात्र ते जड आणि चिकट पडते, आणि तेथे खोबरेलच सोयीचे.

स्वच्छतेसाठी बेसन आणि हळद यांचे उटणे नरकचतुर्दशीच्या पहाटे घराघरांत निघते, आणि तो काळ त्याला योग्यही आहे, कारण तेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि आधी अंगाला तेल चोळलेले असते. बेसन ते जादा तेल शोषून घेते. रोजच्या आंघोळीसाठी मात्र सौम्य साबणापेक्षा ते सरस ठरत नाही, आणि जाडसर दळलेले असेल तर कातडीला ओरखडे पाडते. हळद चिमूटभर पुरे. चमचाभर घातली तर दुसऱ्या दिवशी कार्यालयात पिवळा चेहरा घेऊन बसावे लागते. सुट्या हळदीत रंगाची भेसळ होते, म्हणून घरी दळलेलीच वापरावी.

गारव्यासाठी तवसे (मोठी काकडी), दही आणि आमसूल असे तीन पर्याय आहेत. चतुर्थीच्या सुमारास बाजारात येणाऱ्या तवशात सुमारे 95 टक्के पाणीच असते. त्याचा कीस उन्हाने तापलेल्या चेहऱ्यावर दहा मिनिटे ठेवल्यास बरे वाटते, इतकेच. दह्यातल्या लॅक्टिक आम्लामुळे वरची रखरखीत कातडी थोडी मऊ होते, पण ते ताजे असावे. आंबट दही चुरचुरते. अंगावर पित्त उठल्यास आमसुलाचे पाणी लावण्याची रीत जुनी आहे आणि त्याने खाज काही काळ शमते, मात्र पित्त वारंवार उठत असेल तर त्याचे कारण डॉक्टरांनीच शोधावे. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, त्यासाठी वापरू नये, कारण त्यात मीठ असते आणि खाजवून सोललेल्या जागी ते झोंबते.

लिंबाला मी या तुलनेत स्थानच देणार नाही. एका एप्रिलमध्ये उर्राक या काजूच्या दारूसाठी अंगणात बसून मी दहा-बारा लिंबे पिळली आणि हात न धुता तशीच दुपारभर उन्हात राहिले. दोन दिवसांनी मनगटावर रस ओघळलेल्या रेषेतच लाल चट्टा उठला, मग तो तपकिरी झाला आणि जायला पावसाळा उजाडला. लिंबातली काही द्रव्ये उन्हाशी संयोग पावली की त्वचा अक्षरशः भाजते, आणि डाग घालवण्यासाठी लिंबू लावणाऱ्यांना नवाच डाग मिळतो. काजूच्या टरफलातले तेल आणि आंब्याच्या देठाचा चीक यांनीही कातडी पोळते. त्या हंगामात बोंडू, म्हणजे काजूचे फळ, किंवा कच्ची कैरी चेहऱ्याला चोळण्याचे प्रयोग करू नयेत.

निवड करताना टिकाऊपणाही पाहावा. पाणी किंवा दही घातलेला लेप आपल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत आंबू लागतो, म्हणून तो त्या वेळेपुरताच कालवावा. निव्वळ तेले कोरड्या चमच्याने काढली तर महिनोन्‌महिने टिकतात. घाण्यावरचे खोबरेल आणि भिरंडेलाचे गोळे मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीबरोबरच, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किंवा ओळखीच्या घरातून घ्यावेत; हाताशी पैसे थोडे असतील तर मी भिरंडेलाचा एकच गोळा आधी घेईन, कारण मुठीएवढ्या गोळ्यात घरातल्या सर्वांच्या टाचांचे वर्ष निघते.

कोणताही नवा पदार्थ आधी कोपराच्या आतल्या बाजूस चार-पाच दिवस लावून पाहावा. कडेने वाढत जाणारा, खाजणारा गोल चट्टा हा बहुधा नायटा असतो आणि त्यावर स्वयंपाकघरातले काहीही लावू नये; त्यासाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. भाचीने खोबरेल आता केसांपुरते ठेवले आहे, आणि चेहऱ्याला ती साध्या पाण्याखेरीज काही लावत असेल तर ते ऑक्टोबरनंतरच.