बेल्जियमच्या प्रोबा-व्हीचं लीस्ट काउंट

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही कंपनीत मोजमापाचं नवं साधन आलं की क्वालिटीवाला आधी लीस्ट काउंट विचारतो, म्हणजे त्या साधनानं लहानात लहान किती माप घेता येतं ते. व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरचं असेल तर त्यावर बेअरिंग सीटचे मायक्रॉन बघायचे नसतात, एवढं आयटीआयच्या पोरालाही कळतं. उपग्रहाच्या चित्रांना मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. सदलग्याकडं आमच्या मळ्यात एक ॲपवाला येऊन गेला. मोबाईलवर लाल-हिरवा नकाशा दाखवला, "युरोपच्या उपग्रहाचा डेटा आहे" म्हणाला आणि वर्षाची वर्गणी सांगितली. कुठला उपग्रह, किती मीटरचा पिक्सेल, यावर गडी गप्प. तेव्हापासून मी रिकाम्या वेळात हे उपग्रह स्वतःच बघायला लागलो. त्यातला मनात भरलेला एक, त्याच्या गुणदोषांसकट, इथं मांडतोय.

नाव प्रोबा-व्ही. व्ही म्हणजे व्हेजिटेशन, झाडझाडोरा. बेल्जियममधल्या क्रुइबेके गावच्या कंपनीनं युरोपियन स्पेस एजन्सीसाठी बांधला. कंपनी मुळात व्हेरहार्ट, मग क्विनेटिक स्पेस झाली, २०२२ पासून रेडवायरकडं आहे. बोर्ड बदलले, काम तेच राहिलं: छोटे उपग्रह आणि त्यावरची साधनं. ७ मे २०१३ ला व्हेगा रॉकेटनं तो वर गेला. वजन १४० किलोच्या आत, कुठलीही बाजू एक मीटर भरत नाही. याच्या आधी हेच काम करणारं यंत्र ज्या स्पॉट-५ वर होतं, तो उपग्रह तीन टनांचा होता.

आता माझ्या धंद्याचं बोलतो, कारण मी यात अडकलो तो इथंच. याच्या तिन्ही दुर्बिणींचे आरसे काचेचे नाहीत, ॲल्युमिनियमचे आहेत. बेल्जियममधल्याच लीज शहरातल्या आमोस कंपनीनं ते हिऱ्याच्या टोकाच्या टूलनं मशीनवर घडवले. ज्या चौकटीत बसवले तीही ॲल्युमिनियमचीच. यातली मेख लेथवर उभा राहिलेल्यालाच पटकन कळेल. अंतराळात ऊन आणि सावली यांत तापमान सारखं खालीवर होतं. आरसा एका धातूचा आणि चौकट दुसऱ्याची असती तर एक जास्त ताणला असता, दुसरा कमी, आणि फोकस गेला असता. दोन्ही एकाच धातूचे असले की सगळं एकाच प्रमाणात फुगतं-आकसतं आणि आकार तोच राहतो. उन्हाळ्यात दुपारी ॲल्युमिनियमचा जॉब साइजमध्ये लागला आणि सकाळी थंड झाल्यावर अंडरसाइज निघाला, हे ज्यानं भोगलंय त्यानं या डिझाइनरला हात जोडावेत. कॅमेरा औडेनार्डच्या ओआयपीनं जुळवला, अवरक्त किरण टिपणारा सेन्सर ल्यूव्हेनच्या झेनिक्सचा. म्हणजे आपल्याकडं एक जॉब उद्यमबागेत टर्न होतो, मच्छे-नावग्याकडं ग्राइंड होतो, तसलाच सगळा कारभार. कारागिरीला माझ्याकडून पाचपैकी पाच.

मग लीस्ट काउंट किती? मधला कॅमेरा १०० मीटर, तिन्ही मिळून ३०० मीटर. शंभर मीटरचा एक पिक्सेल म्हणजे एक हेक्टर, आपल्या भाषेत दोन एकर एकोणीस गुंठे. आमच्या आण्णांना, म्हणजे थोरल्या काकांना, मी हे लॅपटॉपवर दाखवत होतो.

"आपल्या फडाचा खालचा कोपरा पिवळा पडलाय, ते त्या बेल्जमवाल्याला दिसतंय व्हय?"

"न्हाई आण्णा. आपला फड, पाटलांचा फड आणि मधली पाणंद मिळून त्याला एकच ठिपका दिसतोय."

"मग कशाला जाळायलाय?"

आण्णांचा प्रश्न रास्त आहे. एकरभर उसासाठी प्रोबा-व्ही बघू नये. त्यासाठी युरोपचाच सेंटिनेल-२ आहे, १० मीटरचा. त्याचा एक पिक्सेल म्हणजे शंभर चौरस मीटर, जवळजवळ बरोबर एक गुंठा. तोही फुकटच मिळतो. तिथंसुद्धा बांधावरचा पिक्सेल अर्धा आपला, अर्धा शेजाऱ्याचा. चार गुंठ्यांच्या वाफ्याचा रंगीत नकाशा दाखवून कोणी पैसे मागितले तर त्यातले किती पिक्सेल निखळ तुमचे आहेत, ते आधी मोजून घ्या.

पण प्रोबा-व्हीला गुंठा विचारायचाच नसतो. एका फेरीत त्याला दिसणारा जमिनीचा पट्टा २,२५० किलोमीटर रुंद आहे. मुंबई ते कोलकाता हे अंतर त्यात बसून वर शिल्लक राहतं. त्यामुळं जवळजवळ सगळी जमीन तो दोन दिवसांत एकदा बघून व्हायचा, तेही वर्षानुवर्षं त्याच मापानं. लाल आणि अवरक्त प्रकाशातल्या फरकावरून हिरवेपणाचा एक आकडा निघतो, एनडीव्हीआय. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि अवरक्त परतवतं, सगळा हिशोब त्यावर. हा आकडा तालुक्यावर पसरून बघितला की आपला जिल्हा वेगळाच दिसतो. मे महिन्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीची बाजू गर्द आणि अथणीची बाजू उघडी, हे एसटीतून फिरणाऱ्यालाही ठाऊक आहे. पण हिरवं संपून कोरडं कुठं सुरू होतं ती रेघ कुठल्या वर्षी किती सरकली, ते एसटीतून दिसत नाही. येळ्ळूर-वडगावच्या काळ्या शिवारात भात निघाल्यावर मसूर आणि ज्वारी उगवते, तेव्हा आकडा पडून पुन्हा चढतो. तसा दुहेरी चढ उसाच्या पट्ट्यात दिसत नाही. कोणी न सांगता पीक ओळखू यायला लागतं, तेव्हा मजा येते.

२०१९ चं साल मी मुद्दाम उघडलं. त्या उन्हाळ्यात कृष्णेचं पात्र कोरडं पडलं होतं आणि कोयनेचं पाणी सोडा म्हणून कर्नाटक महाराष्ट्राच्या दारात उभं होतं. पुढं ऑगस्टात त्याच कृष्णेनं आणि आमच्या दूधगंगेनं गावं बुडवली. मे महिन्याच्या चित्रात नदीकाठची हिरवी पट्टी आणि तिच्या बाहेरचं उघडं रान स्पष्ट दिसतं. ऑगस्टात मात्र ढगच ढग. पाच-दहा दिवसांची चित्रं जोडून ढगांवर मात करायची युक्ती यात आहे, पण आपल्या पावसाळ्यापुढं ती टिकत नाही. पूर नेमका त्याच दिवसांत येतो. पाणी कुठवर चढलं हे बघायचं असेल तर ढगांतून बघणारा रडारचा उपग्रह लागतो, सेंटिनेल-१ सारखा. ज्या आठवड्यात सगळ्यात जास्त गरज, त्याच आठवड्यात हा आंधळा. त्याचे गुण मी कापले.

दुसरं वैगुण्य बांधणीतलं. वजन वाचवायला यात कक्षा सुधारण्याचं इंजिनच ठेवलं नाही. सुरुवातीला सकाळी पावणेअकराच्या सुमाराला डोक्यावरून जायचा, मग वर्षागणिक ती वेळ ढळत गेली. वेळ ढळली की उन्हाचा कोन बदलतो, सावल्या बदलतात आणि दोन सालांची तुलना करताना जपावं लागतं. शेवटी ३० जून २०२० ला नियमित काम थांबवलं. पण हिशोब अडीच वर्षांचा होता आणि चालला सात वर्षं. अशी मशीन मला कोणी दिली तर मी तक्रार करणार नाही.

या घराण्याची टिकण्याची ख्याती जुनीच. पहिला प्रोबा, ९४ किलोचा, २२ ऑक्टोबर २००१ ला आपल्या श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीनं गेला. दोन वर्षांसाठी पाठवला आणि वीस वर्षांनंतरही चालू होता. प्रोबा-३ ची जोडीही ५ डिसेंबर २०२४ ला श्रीहरिकोट्याहूनच गेली. एक उपग्रह सूर्य झाकतो, दुसरा सुमारे दीडशे मीटरवरून सूर्याभोवतीची प्रभा टिपतो आणि दोघांनी अंतर मिलिमीटरमध्ये सांभाळायचं. उडत्या दोन जॉबवर मिलिमीटरचा टॉलरन्स! इथं आपण फिक्स्चरमध्ये घट्ट आवळून चुकतो.

वापरायचं कसं? बेल्जियमच्या व्हीटो संस्थेच्या टेरास्कोप या संकेतस्थळावर जुनी सगळी चित्रं आहेत, फुकट. नोंदणी करून उतरवून घ्यायची आणि क्यूजीआयएस या नकाशे बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. तुकडे दहा अंश बाय दहा अंशांचे आहेत, म्हणजे बेळगाव बघायला भोपाळपर्यंतचा पसारा उतरवावा लागतो. गावाकडच्या मोबाईल डेटावर हा उद्योग करू नका, शहरात वायफाय असेल तिथं रात्री लावून झोपा. मोबाईलवर चटकन बघायची सोय हवी असेल तर हे तुमच्यासाठी नाही. सोसायटीत, कारखान्याच्या शेती खात्यात किंवा कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या कोणाला आपल्या भागाची २०१३ ते २०२० ची उजळणी करायची असेल, तर यासारखं फुकट साधन मी तरी बघितलेलं नाही. कारागिरीचे पाच, पावसाळ्याचे कापून एकूण पाचपैकी साडेतीन. २०२० नंतरच्या सालांसाठी ३०० मीटरवर सेंटिनेल-३ हेच काम पुढं नेतोय. फक्त दोघांचे आकडे एकाच आलेखात टाकण्याआधी त्यांची एखादी सामाईक तारीख शेजारी शेजारी ठेवून ताडून घ्या, जसं आपण दोन मायक्रोमीटर एकाच स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या मापाच्या पोलादी ठोकळ्यावर, ताडतो.